वाचकांचे प्रश्न : हौशी मोटारबोटीसाठी नवी बॅटरी घेताना

पावसाळा ओसरून होड्या पुन्हा पाण्यात उतरू लागल्या की या सदराकडे बॅटरीविषयीची पत्रे येऊ लागतात. यंदा त्यांतील सहा पत्रे निवडून त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत. बहुतेक पत्रलेखकांनी कोणत्या कंपनीची बॅटरी घ्यावी हे विचारले आहे. त्या प्रश्नाला आम्ही मुद्दाम बगल दिली आहे, कारण चांगल्या कंपनीची चुकीच्या प्रकारची बॅटरी दोन हंगामही टिकत नाही, आणि साधी पण योग्य प्रकारची बॅटरी नीट सांभाळली तर चार-पाच वर्षे सहज काम देते.

प्रश्न : माझ्याकडे २१ फुटी फायबरची बोट असून तिला ६० अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (मागच्या बाजूला बाहेर लावलेले) इंजिन आहे. सुट्टीच्या दिवशी आम्ही मांडव्याहून निघून खांदेरीच्या आसपास नांगर टाकतो, गळाने मासे धरतो आणि दिवेलागणीनंतर परततो. बोटीवर गाडीच्या दोन बॅटऱ्या असून त्या एकमेकींना कायमच्या जोडलेल्या आहेत. या पावसाळ्यानंतर दोन्ही बसल्या. त्या काढून घरच्या इन्व्हर्टरला लावतात तशी १५० अँपिअर-तासांची एकच ट्यूब्युलर बॅटरी बसवावी, असा मेकॅनिकचा सल्ला आहे. तो मानावा का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : मेकॅनिकचे निदान निम्मे बरोबर आहे. नांगरावर दिवसभर उपकरणे चालवण्यासाठी गाडीची बॅटरी योग्य नाही, हे त्यांनी ओळखले आहे. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र स्वीकारू नये.

गाडीच्या बॅटरीत शिशाच्या पातळ प्लेटी मोठ्या संख्येने बसवलेल्या असतात. त्यामुळे आम्लाच्या संपर्कात येणारे क्षेत्र वाढते आणि सेल्फ मारताना काही सेकंदांपुरता शेकडो अँपिअरचा प्रवाह मिळू शकतो. या कामात बॅटरीतील साठ्याचा अगदी किरकोळ भाग खर्च होतो आणि इंजिन सुरू होताच तो भरून निघतो. अशी बॅटरी दिवसभर संगीत, मासे शोधण्याचे यंत्र आणि मोबाइल चार्जर यांवर निम्म्याखाली उतरवली, तर पातळ प्लेटींवरील क्रियाशील द्रव्य सुटून तळाशी साचू लागते आणि अशा उतरण्या-भरण्याच्या थोड्या आवर्तनांतच तिची धारणशक्ती ओसरते. याउलट ‘डीप सायकल’ प्रकारात प्लेटी जाड असतात. ती झटक्याने फार मोठा प्रवाह देऊ शकत नाही, पण पुन्हा पुन्हा निम्म्यापर्यंत उतरवलेली सहन करते. ही दोन कामे वेगळी आहेत आणि त्यांसाठी दोन वेगळ्या बॅटऱ्या असणे हेच हिताचे आहे. संध्याकाळी संगीत ऐकताना बॅटरी उतरली तर गाणी बंद पडावीत. इंजिन बंद पडून बोट ओहोटीच्या ओढीत सापडू नये. आपल्या दोन्ही बॅटऱ्या कायमच्या जोडलेल्या असल्याने ही तजवीजच उरली नव्हती, शिवाय अशा जोडणीत एक बॅटरी खराब झाली की ती दुसरीलाही खाली ओढते.

ट्यूब्युलर बॅटरी जमिनीवर स्थिर राहून तासन्‌तास बेताचा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते आणि त्या कामात ती उत्तम आहे. १५० अँपिअर-तासांच्या उंच ट्यूब्युलर बॅटरीचे वजन आम्लासह ५५ ते ६५ किलो भरते, तिची उंची बहुतेक लहान बोटींच्या बॅटरीपेटीत मावत नाही, आणि लाटांवर बोट आपटू लागली की तिच्या झाकणांतून आम्ल बाहेर उडू शकते. एवढे वजन बोटीच्या अगदी मागे, इंजिनाशेजारी ठेवल्यास मागची बाजू खाली बसून नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, वर उचलली जाते, हा तोटा वेगळाच. सेल्फला लागणारा झटकाही ती तितक्या जोमाने देत नाही.

आता किती मोठी बॅटरी लागेल ते पाहू. यासाठी दुकानात जाण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडावा. बॅटरीतील साठा अँपिअर-तासांत, म्हणजे प्रवाहाचे अँपिअर गुणिले तो चालला ते तास, असा मोजतात. नांगरावर सहा तास थांबायचे आहे असे धरू. मासे शोधण्याचे व दिशादर्शनाचे एकत्रित यंत्र साधारण १ अँपिअर घेते, म्हणजे ६ अँपिअर-तास झाले. इतर बोटींशी व किनाऱ्याशी बोलण्याचा व्हीएचएफ रेडिओ नुसता ऐकण्यावर ठेवला तर अर्ध्या अँपिअरने ३ अँपिअर-तास घेईल. बोलताना तो ५-६ अँपिअर ओढतो, पण ते मिनिटभराचे काम असते. संगीताला मध्यम आवाजात ३ अँपिअर धरले तर पाच तासांचे १५ होतात. मोबाइल चार्ज करण्यासाठी ८, तळाचे पाणी उपसणाऱ्या पंपाला एकूण अर्धा तास चालला तर २, आणि संध्याकाळच्या एलईडी नौकादिव्यांना आणखी २. बेरीज ३६ अँपिअर-तास होते. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये हा नियम पाळला तर किमान ७२ अँपिअर-तासांची, आणि वय वाढेल तशी घटणारी क्षमता लक्षात घेतली तर ८० ते १०० अँपिअर-तासांची डीप सायकल बॅटरी पुरेशी आहे. बॅटरीवर छापलेला अँपिअर-तासांचा आकडा किती तासांच्या दराने मोजला आहे, तेही पाहावे. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांवर बहुधा २० तासांचा आणि सौर वापराच्या बॅटऱ्यांवर १० तासांचा दर असतो. त्यामुळे दोहोंवर १०० हाच आकडा असला तरी दुसरीत प्रत्यक्ष साठा थोडा अधिक असतो.

खर्च केलेली वीज परत कोण भरणार, हा या हिशेबाचा दुसरा आणि आमच्या मते अधिक महत्त्वाचा भाग आहे, आणि नेमका तोच बहुतेक जण मांडत नाहीत. ६० अश्वशक्तीच्या आउटबोर्डाच्या माहितीपत्रकात चार्जिंगचा प्रवाह १५ ते २२ अँपिअर असा दिलेला असतो, पण तो इंजिन जोरात फिरत असतानाचा असतो. इंजेक्शन यंत्रणा आणि इंधनपंप त्यातील काही भाग स्वतःसाठीच घेतात, आणि संथ वेगात तर फारच थोडे उरते. बॅटरीला सरासरी ८ अँपिअर मिळाले असे उदारपणे धरले तरी जाण्यायेण्याच्या दोन तासांत १६ अँपिअर-तास परत येतात. आपण खर्च केले ३६, आणि शिशाच्या बॅटरीत जेवढे काढावे त्याहून दहा ते वीस टक्के जास्त भरावे लागते. म्हणजे प्रत्येक सहलीनंतर तूट राहते, आणि १५० अँपिअर-तासांची बॅटरी लावल्याने ती जराही कमी होत नाही. टाकी मोठी केली म्हणून नळाची धार वाढत नाही. अर्धवट भरलेली मोठी बॅटरी सतत तशीच राहिल्याने खराब होते, तर बेताची बॅटरी दर सहलीनंतर किनाऱ्यावर पूर्ण भरली तर टिकते. म्हणून नव्या बॅटरीच्या खर्चातच १० ते १५ अँपिअरचा, टप्प्याटप्प्याने व्होल्टेज बदलणारा चांगला चार्जर धरावा. शेवटचे वीस टक्के भरायला कित्येक तास लागतात, तेव्हा तो रात्रभर लावावा. जेट्टीवर वीज मिळत नसेल तर बॅटरी घरी न्यावी लागेल. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी ३० किलोच्या आसपास असते. ती दोघांनी उचलता येते. साठ किलोची ट्यूब्युलर दर रविवारी कोणी उचलणार नाही.

इंजिनासाठीची बॅटरी निवडताना इंजिनाची पुस्तिका हाच प्रमाण ग्रंथ मानावा. तीत सीसीए किंवा एमसीए असा किमान आकडा दिलेला असतो. सीसीए म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअसला, ३० सेकंद, ७.२ व्होल्टच्या खाली न जाता मिळणारा प्रवाह. एमसीएची चाचणी शून्य अंशाला होते, म्हणून त्याच बॅटरीचा एमसीए आकडा सीसीएपेक्षा मोठा दिसतो. पुस्तिकेत एक आणि लेबलावर दुसरा आकडा असेल तर त्यांची सरळ तुलना करू नये. आपल्याकडे उणे १८ अंश कधी येणार नाहीत, त्यामुळे मागितल्यापेक्षा खूप मोठ्या सीसीएच्या मागे लागण्याचे कारण नाही. मात्र किमान आकड्याखालीही जाऊ नये, कारण सेल्फ मारताना व्होल्टेज फार पडले तर इंजेक्शनच्या इंजिनाचा संगणकच बंद पडतो आणि दोष इंजिनात आहे असा समज होतो.

या दोन्ही बॅटऱ्या व्होल्टेजवर चालणाऱ्या रिलेने जोडाव्यात. चार्जिंग सुरू होऊन इंजिनाच्या बॅटरीचे व्होल्टेज साधारण १३.३ झाले की रिले दुसरी बॅटरी जोडतो आणि १२.८ च्या आसपास उतरले की वेगळी करतो, त्यामुळे कोणाला काही लक्षात ठेवावे लागत नाही. सोबत अडचणीच्या वेळी दोन्ही एकत्र करणारा मुख्य स्विच असावा. इंजिन चालू असताना तो कधीही ‘ऑफ’वर नेऊ नये, नाहीतर इंजिनाची वीज बॅटरीजोगी करून देणारा रेक्टिफायर जळू शकतो. तळाच्या पाण्याच्या पंपाची तार या स्विचला वळसा घालून, स्वतःच्या फ्यूजसह, थेट दुसऱ्या बॅटरीला जोडावी. बोट बंद करून घरी गेल्यावरच त्या पंपाची खरी गरज असते.

साधी आम्लाची घ्यावी की एजीएम, हे आपण विचारले नाही, पण दुकानात तो प्रश्न येईलच. एजीएममध्ये आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते. ती सांडत नाही, हादरे अधिक सोसते, पडून राहिली तरी हळू उतरते आणि पाणी मागत नाही. मात्र किंमत बरीच जास्त असते आणि जादा चार्जिंग तिला अजिबात सोसत नाही. जुन्या, विशेषतः लहान टू-स्ट्रोक आउटबोर्डांत चार्जिंगचे व्होल्टेज बांधलेले नसते. म्हणून आधी इंजिन चालवून मल्टिमीटरने बॅटरीच्या टोकांवर मोजावे. जोराच्या वेगात १४.८ व्होल्टच्या वर आकडा गेला तर एजीएमचा विचार सोडून द्यावा. आपले इंजिन फोर-स्ट्रोक असल्याने ही अडचण बहुधा येणार नाही. खर्च परवडत असेल तर आमचे मत एजीएमच्या बाजूने आहे, आणि त्याचे मुख्य कारण खारे पाणी हे आहे. साध्या बॅटरीत समुद्राचे पाणी शिरले तर त्यातील मिठापासून क्लोरीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

खरेदी करताना जुन्या बॅटरीची लांबी, रुंदी, उंची मोजून न्यावी आणि धन टर्मिनल कोणत्या बाजूला आहे त्याचा फोटो घ्यावा. बॅटरीच्या सांकेतिक क्रमांकाच्या शेवटी येणारी एल किंवा आर ही अक्षरे ही बाजूच दाखवतात, आणि उलट्या बाजूची बॅटरी घेतली की तारा पोचत नाहीत आणि ओढूनताणून जोडाव्या लागतात. उत्पादनाचा महिना विचारावा, आणि दुकानातच व्होल्टेज मोजून ते १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागावी. हमीपत्रही वाचावे, कारण गाडीसाठी दिलेली हमी बोटीतील वापराला लागू राहीलच असे नाही. बसवताना बॅटरी पट्ट्याने अशी बांधावी की ती कोणत्याही दिशेला इंचभरही हलणार नाही. तारा पंखांच्या नटांनी न आवळता षटकोनी नट आणि लॉक वॉशर वापरून पान्याने आवळाव्यात, कारण हाताने आवळलेला नट लाटांच्या हादऱ्यांनी सैल होतो आणि सैल जोड तापतो. तारा कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याच्या घ्याव्यात. खाऱ्या वाऱ्यात उघडे तांबे आवरणाच्या आतपर्यंत हिरवे-काळे पडते. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत असावा.

प्रश्न : मांडवी नदीत माझी २० फुटी बोट असून तिला ४० अश्वशक्तीचे आउटबोर्ड आहे. जुनी काढून थेट लिथियम बॅटरी बसवा, वजन निम्म्याहून कमी होईल आणि दहा वर्षे पाहावे लागणार नाही, असे दुकानदार सांगतो. दोन्ही बॅटऱ्या लिथियमच्या घ्याव्यात का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : वजनाविषयी दुकानदार खरे सांगतो. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची १०० अँपिअर-तासांची बॅटरी ११ ते १४ किलोंची असते, तिच्यातील ऐंशी-नव्वद टक्के साठा बिनधास्त वापरता येतो आणि ती हजारो आवर्तने टिकते. ‘थेट बसवा’ या शब्दांशी मात्र आम्ही सहमत नाही.

अशा बॅटरीत तिच्या घटांचे (सेलचे) रक्षण करणारे एक नियंत्रक मंडल असते. व्होल्टेज, प्रवाह किंवा तापमान मर्यादेबाहेर गेले की ते बॅटरी क्षणात तोडते. चालू इंजिन जोरात चार्जिंग करत असताना असे घडले तर त्या विजेला जायला जागा उरत नाही, व्होल्टेज उसळते आणि रेक्टिफायरपासून रेडिओपर्यंत काहीही जळू शकते. दुसरी अडचण अशी की शिशाची बॅटरी भरत जाईल तसा प्रवाह आपोआप कमी घेते, तर लिथियम जवळजवळ शेवटपर्यंत मिळेल तेवढा ओढत राहते. लहान आउटबोर्डांची चार्जिंग कॉइल तासन्‌तास पूर्ण क्षमतेने चालण्यासाठी बनवलेली नसते, त्यामुळे ती तापते.

म्हणून इंजिनाच्या पुस्तिकेत लिथियमला स्पष्ट मान्यता दिलेली नसेल तर सेल्फसाठी शिशाची बॅटरीच ठेवावी. उपकरणांसाठी लिथियम घ्यायची असेल तर ती इंजिनाच्या बॅटरीला रिलेने न जोडता, मध्ये प्रवाहावर मर्यादा ठेवणारा डीसी-टू-डीसी चार्जर बसवावा, आणि त्याची क्षमता इंजिनाच्या चार्जिंग प्रवाहाच्या निम्म्याहून अधिक नसावी. साठा मोजण्यासाठी शंट (आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजू देणारी पट्टी) जोडलेला मीटर घ्यावा, कारण या बॅटरीचे व्होल्टेज सत्तर टक्क्यांना आणि चाळीस टक्क्यांना जवळजवळ सारखेच दिसते आणि नंतर एकदम कोसळते. ती इंजिनाच्या बंद कप्प्यात ठेवू नये. गोव्याच्या एप्रिल-मेमधील उन्हात तिथले तापमान ४५ अंशांच्या पुढे सहज जाते आणि त्या तापमानात चार्जिंग केल्याने घट लवकर वृद्ध होतात.

स्वस्तात मिळतात म्हणून जुन्या विद्युत स्कूटरच्या घटांपासून जोडलेल्या बॅटऱ्या अनेकजण घेतात. त्यांतील घट बहुधा वेगळ्या, अधिक ज्वालाग्राही रसायनाचे असतात आणि त्यांचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो. पाण्यावर आग लागली तर पळून जायला जागा नसते. अशी बॅटरी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

प्रश्न : पानशेतच्या जलाशयात मी लहान होडीवर ५५ पौंड रेट्याची १२ व्होल्टची विद्युत मोटार लावतो. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी पूर्ण भरूनही तासाभरातच मोटार मंदावते. बॅटरीत दोष आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बॅटरी बहुधा निर्दोष आहे. अशी मोटार पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. १०० अँपिअर-तासांची क्षमता २० तासांच्या दराने, म्हणजे केवळ ५ अँपिअरचा प्रवाह काढून मोजलेली असते. दहापट वेगाने प्रवाह ओढला तर प्लेटींच्या आतपर्यंत आम्ल वेळेवर पोचत नाही आणि त्याच बॅटरीतून साठ अँपिअर-तासांच्या आसपासच वीज मिळते. पूर्ण रिकामी होईपर्यंत सव्वा तास, आणि निम्म्यावर थांबायचे असेल तर चाळीस मिनिटेही नाहीत. तासाभराने मोटार मंदावते तेव्हा आपण बॅटरी दर वेळी जवळजवळ तळापर्यंत उतरवत आहात.

पणजीच्या वाचकांना आम्ही सावध राहायला सांगितले असले, तरी लिथियमचा खरा उपयोग आपल्यासारख्या ठिकाणीच आहे. येथे इंजिन नाही, त्यामुळे चार्जिंगच्या त्या अडचणीही नाहीत. बॅटरी घरी नेऊन तिच्याच चार्जरने १४.४ ते १४.६ व्होल्टवर भरता येते. १०० अँपिअर-तासांच्या लिथियममधून ५० अँपिअरने दीड तासाहून अधिक वेळ, जवळजवळ एकसारख्या जोराने मोटार चालेल. घेताना नियंत्रक मंडलाची सलग प्रवाहाची मर्यादा वाचावी. ती ५० असेल तर पुरणार नाही, १०० अँपिअर असावी. मोटारीच्या तारेत बॅटरीजवळ ६० अँपिअरचा सर्किट ब्रेकर अवश्य बसवावा, कारण पंख्यात पाणवनस्पती अडकली की प्रवाह एकदम वाढतो.

खर्च करायचा नसेल तर वेग थोडा कमी करावा. पाण्याच्या विरोधामुळे लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेग पाचव्या भागाने उतरवला तर शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. मोटारीचा वेग ठरावीक टप्प्यांऐवजी सलग बदलता येत असेल तर हा लाभ पुरेपूर मिळतो. टप्प्यांच्या जुन्या मोटारींत तो बराच कमी मिळतो, कारण खालच्या टप्प्यांवर वीज उष्णतेत वाया जाते.

प्रश्न : बॅटरीत आरओचे किंवा पन्हाळीतून धरलेले पावसाचे पाणी घालावे का? पातळी कमी झाली की आम्ल घालावे असेही कोणी सांगतात.
— एक वाचक, मालवण

उत्तर : दोन्ही पाणी घालू नये. आरओच्या पाण्यात क्षार कमी होतात, पण नाहीसे होत नाहीत. पन्हाळीच्या पाण्यात कौलांवरची धूळ असते आणि किनाऱ्यावर वाऱ्याबरोबर उडालेले मीठही असते. डिस्टिल्ड पाण्याचा डबा फार महाग नसतो. आम्ल तर मुळीच घालू नये, कारण बॅटरीतून उडून जाते ते पाणी. आम्ल आतच राहते. पाणी पूर्ण चार्जिंगनंतर घालावे, आधी नव्हे, कारण चार्जिंगमध्ये पातळी वर येते आणि काठोकाठ भरलेली बॅटरी ओसंडते. प्लेटी उघड्या पडल्या असतील तर तेवढ्या झाकण्यापुरते आधी घालावे. हे करताना बिडी-सिगारेट दूर ठेवावी आणि कप्प्याचे झाकण उघडे असावे. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो, हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने स्फोट होतो, आणि तो हलका असल्याने झाकणाखाली साचतो.

प्रश्न : जून ते ऑगस्ट बोट किनाऱ्यावर शाकारून ठेवलेली असते. बॅटरी बोटीवरच राहू द्यावी का? घरी आणल्यास फरशीवर ठेवू नये, जमीन चार्ज ओढून घेते, असे येथील जुने खलाशी सांगतात.
— एक वाचक, मुरूड

उत्तर : बॅटरी घरी आणावी. आमच्या मते कोकणात जितक्या बॅटऱ्या वापराने मरतात त्याहून जास्त या तीन महिन्यांत मरतात. मुख्य स्विच बंद केला तरी घड्याळ, रेडिओची स्मृती किंवा धोक्याची घंटा असे काहीतरी थेट जोडलेले राहते. ते केवळ २० मिलिअँपिअर घेत असले तरी ९० दिवसांत ४३ अँपिअर-तास होतात. त्यात बॅटरीचे स्वतःहून उतरणे मिळवले तर ऑगस्टअखेर ६५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत जवळपास काहीच उरत नाही. उतरलेल्या अवस्थेत प्लेटींवर जमलेले लेड सल्फेट हळूहळू कठीण स्फटिकांत बदलते, आणि ते एकदा घट्ट झाले की नंतर कितीही चार्ज केले तरी पुरते विरघळत नाही. अलिबागच्या वाचकांच्या दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी बसल्या त्यामागे हेच असण्याची शक्यता अधिक आहे.

फरशीची समजूत पूर्वीच्या काळी खोटी नव्हती. तेव्हा बॅटरीची पेटी लाकडाची किंवा कठीण रबराची असे, ती ओल धरी आणि तिच्यातून खरोखर थोडी वीज झिरपे. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीला फरशी काही करत नाही. बाधते ती उष्णता. पंचवीस अंशांच्या वर तापमान दर दहा अंशांनी वाढले की शिशाच्या बॅटरीचे आयुष्य अदमासे निम्मे होत जाते. म्हणून पत्र्याच्या पडवीपेक्षा घरातील थंड, हवेशीर कोपरा बरा.

घरी आणताना आधी ऋण तार सोडावी, टर्मिनल कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवावेत, त्यातील एक थेंबही झाकणांतून आत जाऊ देऊ नये, नंतर कोरडे करून पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरी पूर्ण चार्ज करावी. मग महिन्यातून एकदा, चार्जर काढून काही तास गेल्यावर व्होल्टेज मोजावे. साध्या बॅटरीत १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण, १२.४ ला पाऊण, १२.२ ला निम्मी. १२.४ झाले की पुन्हा चार्ज करावी. पूर्ण भरल्यावर १३.५ व्होल्टच्या आसपास स्वतः उतरणारा चार्जर असेल तर तो लावून ठेवला तरी चालतो, पण पावसाळ्यात वीज जाते-येते, तेव्हा महिन्याची मोजणी चुकवू नये.

प्रश्न : बसलेली जुनी बॅटरी भंगारवाला चांगल्या भावाने घेतो. दुकानदार कमी देतो. कोणाला द्यावी?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : दुकानदाराला. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि दुकानदाराकडे दिलेली बॅटरी त्या वाटेने जाते. गल्लीतला भंगारवाला बहुधा आम्ल गटारात ओततो आणि शिसे उघड्या भट्टीत वितळवले जाते. त्या धुराची बाधा सर्वांत आधी आसपासच्या मुलांना होते. भावातला फरक कमी करायचा असेल तर नवी बॅटरी घेतानाच जुनीची वजावट ठरवून घ्यावी. नंतर वेगळी नेली तर कमीच मिळते. आम्ल काढून हलकी केलेली बॅटरी देऊ नये आणि तसे करण्याचा प्रयत्नही करू नये. नेताना ती उभी ठेवावी, दोन्ही टर्मिनलांवर चिकटपट्टी लावावी, आणि गाडीच्या डिकीत तिच्याजवळ पाने किंवा साखळी असे काही लोखंडी ठेवू नये, कारण बोटीला उपयोगी नसलेली बॅटरीसुद्धा आग लावण्याइतकी ठिणगी देऊ शकते.